दिवेबंदरची बदललेली पानं

मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, आम्ही त्यांचे साचे ओततो, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवतो आणि मग ते सगळं गुलाबी प्लास्टिकमध्ये पक्कं करून, घासून, चकचकीत करून परत पाठवतो. लॅबमध्ये आम्ही चार माणसं, मालक धरून. काम डोळ्यांचं आणि सबुरीचं. दोन दातांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी त्या माणसाला जेवताना रोज कळते.

सबुरी माझ्याकडे भरपूर आहे, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, ‘एवढं काय त्यात? खेळच तर होता.’ म्हणणाऱ्यांत माझी सख्खी बहीण आहे. तिला मी चार वेळा समजावलं आणि पाचव्यांदा फोन ठेवून दिला.

खेळ असा. इंटरनेटवर आमचा एक फोरम आहे, ‘बाराबंदर’. बारा बंदरांचा एक किनारा, सगळा मनातला. प्रत्येकानं एक माणूस घ्यायचा आणि त्या माणसाच्या तोंडून लिहायचं. एकानं लिहिलं की दुसऱ्यानं त्याला उत्तर लिहायचं. फासे नाहीत, चित्रं नाहीत, हारजीत नाही. नुसतं लिहिणं. या किनाऱ्याचा जो काही इतिहास सगळ्यांनी मिळून ठरवला, तो एका लांबलचक पानावर नोंदवलेला असतो. त्या पानाला आम्ही ‘बखर’ म्हणतो. नियमानं लिहिणारे आम्ही नऊजण, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. खरी नावं कुणी वापरत नाही. माझं तिथलं नाव ‘वात’, दिव्यातली. त्यावरून सहा वर्षं एकच विनोद चालतो, की मी सगळ्यांना वात आणते.

मी लिहायचे ती दिवेबंदरची एक बाई. दिवेबंदर म्हणजे दीपगृहाचं गाव, आणि तिची आजी तिथली दिवेकरीण. त्या गावाची गोष्ट अशी की शत्रूचं आरमार चालून आलं त्या रात्री दीपगृहाचा दिवा विझवायला हवा होता, पण आजीनं तो विझवला नाही. त्याच उजेडात शत्रू आत आला आणि गाव जळलं. का नाही विझवला? तर गावाच्या अकरा होड्या अजून समुद्रात होत्या. दिवा गेला असता तर त्या खडकावर फुटल्या असत्या. होड्या आल्या. आरमारही आलं. माझी बाई त्या अकरांतल्या एका होडीतल्या माणसाची मुलगी. म्हणजे दिवा विझला असता तर ती जन्मलीच नसती, आणि विझला नाही म्हणून तिला गाव उरलं नाही. सहा वर्षं मी हे ओझं तिच्या खांद्यावर देऊन तिला बंदराबंदरांतून हिंडवत होते.

फोरमची किल्ली, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, कोतवालाकडे. हे त्याचं तिथलं नाव. नवीन माणसाला घ्यायचं, वाद मिटवायचा, बखर नीट ठेवायची, ही कामं तो स्वतःहून करायचा. कुठल्याशा कंपनीत नव्या लोकांना प्रशिक्षण देतो, एवढंच तो सगळ्यांना सांगायचा. माणूस कामसू, हे नाकारत नाही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडून फोनवर फोरम पाहत होते. एका नव्या मेंबरनं माझ्या बाईला भर बाजारात गाठून लिहिलं होतं, ‘फितुराची नात ना तू? तुझ्या आजीनंच गाव विकलं.’ मला हसू आलं. नवीन आहे, बखर वाचली नसेल. त्याला दुवा द्यावा म्हणून मी बखर उघडली.

बखरीत लिहिलं होतं: दिवा विझवला गेला नाही, कारण दिवेकरी शत्रूला फितूर होते.

घास हातात तसाच. मला वाटलं, मी चुकीच्या पानावर आले. मग म्हटलं, आपण स्वतः काय लिहिलं होतं ते तरी बघावं. तीन वर्षांपूर्वीची माझी एक पोस्ट होती. ती मला शब्दन् शब्द आठवते, कारण त्या दिवशी सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि मी दवाखान्याच्या बाकावर बसून ती लिहिली होती. त्यात माझी बाई एका लहान मुलीला सांगते: ‘आजीनं दिवा विझवला नाही. तिला होड्या परत हव्या होत्या.’

आता तिथे होतं: ‘आजीनं दिवा विझवला नाही. तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं, विझवू नकोस.’

वर माझं नाव. माझी तारीख. वाक्यसुद्धा माझ्यासारखंच, आखूड. वाचणाऱ्याला वाटावं की हिनंच लिहिलंय. घरी आपण नसताना कुणीतरी येऊन, काही न चोरता, नुसतं आपल्या कपाटातलं सामान नीट लावून गेलं तर कसं वाटेल, तसं वाटलं.

मी तिथल्या तिथे कोतवालाला लिहिलं, ‘माझी पोस्ट कुणी बदलली?’

पाच मिनिटांत उत्तर. ‘मी. सुसंगतीसाठी. पावसाळ्यानंतर मोठं युद्धाचं कथानक आणतोय, त्याला एक फितूर घराणं लागतं. दिवेबंदर चपखल बसतं. पुढचे धागे तुटू नयेत म्हणून मागचे सांधले.’

‘मला न विचारता?’

‘बखर सगळ्यांची आहे, वात.’

‘बखर सगळ्यांची. पोस्ट माझी.’

‘एक ओळ बदलली फक्त. खेळ आहे हा. वात आणू नकोस.’ आणि पुढे एक हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्यानं माझं डोकं फिरलं. डबा तसाच बंद करून मी कामाला बसले आणि तासाभरानं मालक माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी डाव्या बाजूची दाढ उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे बसवली होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

“बाई,” मालक म्हणाले, “या आजोबांच्या तोंडात कुणाचा राग बसवताय?”

“सॉरी. लगेच काढते.”

“घरी सगळं ठीक?”

आता काय सांगणार? एका नसलेल्या गावातल्या नसलेल्या बाईच्या आजीवर कुणी आळ घेतला म्हणून? मी म्हटलं, डोकं दुखतंय. याचाही मला वेगळा राग आला, की चीड खरी आणि कारण सांगायची चोरी.

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “सोडून दे ना. दुसरा ग्रुप बघ.” जणू चप्पल चावतेय, दुसरी घे.

सासरे खिडकीपाशी बसून मटार सोलत होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो. एकतीस वर्षं ते कोर्टात टंकलेखक होते. साक्षीदार बोलायचा आणि नाना ते जसंच्या तसं टाइप करायचे. त्यांचे हात थांबले.

“काय म्हणालीस? मजकूर त्याचा आणि नाव तुझं?”

“हो नाना.”

“तारीख?”

“माझीच. तीन वर्षांपूर्वीची.”

“अरे, ही तर जबानी फिरवली!” नानांनी मटाराचं ताट बाजूला सरकवलं. “माणूस खोटं का बोलेना, जे बोलला तेच कागदावर पाहिजे. एकदा एका साहेबांनी मला सांगितलं होतं, या बाईच्या साक्षीतला ‘बहुतेक’ काढून टाक, वाक्य सुटसुटीत होईल. मी म्हटलं, साहेब, ‘बहुतेक’ तिचा आहे. माझाही नाही आणि तुमचाही नाही.”

“मग?”

“मग काय, सहा महिने रेकॉर्डरूममध्ये धूळ खात बसवलं मला.” ते माझ्याकडे वळले. “मूळ प्रत कुठे आहे?”

त्या घरात, खरं सांगते, त्या दिवशी मला एकच माणूस आपला वाटला.

मूळ प्रत होती. फोरमवर आपण काही टाकलं की त्याची नक्कल ईमेलवर येते आणि कुणी आपल्याला उत्तर दिलं तर तीही येते. मी सहा वर्षांत एकही मेल पुसलेला नव्हता, आळस म्हणा. पुढचे तीन दिवस जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळचा तास मी एकच काम केलं. जुना मजकूर एका बाजूला, आताचा दुसऱ्या बाजूला. माझ्या चौदा पोस्ट बदललेल्या निघाल्या. आणि फक्त माझ्याच नाही. वल्हव नावाचा एकजण होता, त्याच्या कोळ्याच्या तोंडी दिवेबंदरबद्दल शिव्या घातल्या होत्या. गोगलगाय नावाची बाई होती, खऱ्या आयुष्यात नर्स. ती वॉर्डातल्या मधल्या सुट्टीत लिहायची, महिन्याला एखादी पोस्ट, म्हणून ते नाव. तिनं तिच्या म्हाताऱ्या खलाशाचं मरण लिहिलं होतं, दोन पानं, आम्ही सगळ्यांनी ती पुन्हापुन्हा वाचली होती. त्या खलाशानं शेवटी दिवेबंदरच्या दिशेला तोंड करून निजवा म्हणून सांगितलं होतं. आता ते नव्हतं. आता तो कुठल्याही दिशेला मरत होता. ती पोस्ट मात्र माझ्या मेलमध्ये नव्हती, कारण ती मला उद्देशून नव्हती.

आणि या शोधाशोधीत मला आणखी एक गोष्ट सापडली, जी मला नको होती.

दिवेबंदर मुळात मी रचलेलं नव्हतं. ते रचलं पागोळीनं. ती फोरम सोडून कधीच गेली. माझ्या पहिल्या पोस्टला उत्तर म्हणून तिनं लिहिलेला तो मजकूर माझ्या सर्वांत जुन्या मेलमध्ये होता. त्यात आरमार होतं, दिवा होता, जळलेलं गाव होतं. होड्या नव्हत्या. शेवटची ओळ होती: ‘दिवा का जळत ठेवला, ते आजीनं कधीच कुणाला सांगितलं नाही.’

अकरा होड्या मी आणल्या होत्या. माझ्या दुसऱ्याच पोस्टमध्ये, बाईच्या तोंडून. आणि वर्षभरानं, पागोळी गेल्यावर, मीच कोतवालाला म्हटलं होतं की आता हे बखरीत घालून टाक. तसा मेलही होता. पागोळीला कुणी विचारलं नव्हतं.

मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली, आधीच घासलेली.

“नाना,” मी शेवटी म्हटलं, “हा एक कागद दाखवला नाही तर?”

त्यांनी चष्मा वर केला. “कुणाच्या विरुद्ध जातो?”

“माझ्या.”

“मग आधी तोच.”

“त्याला आयतं कोलीत मिळेल.”

“मिळू दे. अर्धा कागद दाखवणारा आणि कागद फिरवणारा, माझ्या लेखी एकाच बाकावरचे.”

शुक्रवारी रात्री मी सगळं फोरमवर टाकलं. वर पागोळीची ओळ, माझी कबुली, आणि खाली जुनं-नवं शेजारीशेजारी. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण राग हातात होता. शेवटी मी लिहिलं, ‘ज्याला कामाच्या ठिकाणी कुणी विचारत नाही, त्याला इथे कोतवाल व्हायची हौस असते.’ दोन वर्षांपूर्वी त्यानं मला एकटीला सांगितलं होतं, की त्याची बढती हुकली, हाताखालचा माणूस त्याच्यावर आला, आणि तो रोज जेवायला एकटा बसतो. ते मी असं वापरलं. तासाभरानं ती ओळ काढून टाकावीशी वाटली. मग म्हटलं, आता मीच माझी पोस्ट बदलू? राहू दिली. खाली लिहिलं, ‘शेवटची ओळ लिहायला नको होती.’ त्या दोन्ही ओळी अजून तिथेच आहेत.

मग जो गदारोळ झाला तो विचारू नका. नवे मेंबर म्हणाले, आम्हाला युद्ध हवंय, तुमचं घरगुती भांडण नको. वल्हवनं भर फोरमवर अशा शिव्या लिहिल्या ज्या त्याच्या कोळ्यालाही येत नव्हत्या. कोतवाल म्हणाला, ‘बघा, हिनंच तर आधी इतिहास बदलला!’ त्याचं अर्धं खरं होतं आणि अर्धं खरं असलं की माणूस किती मोठ्यानं बोलतो.

शेवटी गोगलगायीनं, चार महिन्यांत एक शब्द न लिहिलेल्या बाईनं, लिहिलं: ‘रविवारी सकाळी दहाला सगळे कॉलवर या. लिहून होणार नाही हे.’

सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांचे आवाज ऐकले. कॅमेरे बंद. कोतवालाचा आवाज मऊ निघाला, जरा दमलेला. मला तो कर्कश हवा होता. नाना माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. मी त्यांना सांगितलं होतं, फक्त ऐका.

कोतवाल बोलत सुटला. एवढ्या मोठ्या जगात विसंगती राहून चालत नाहीत, नवीन माणूस गोंधळतो, कुणीतरी निर्णय घ्यायलाच हवा, तुम्ही सगळे लिहून मोकळे होता, मागे निस्तरतो मी. हे शेवटचं त्यानं म्हटलं तेव्हा आवाज जरा हलला, आणि तेही खोटं नव्हतं.

“झालं?” गोगलगाय म्हणाली. “मी आत्ता ड्युटीवरून आलेय, मला थोडक्यात सांग. माझ्या खलाशाची पोस्ट बदलताना मला विचारलं होतंस?”

“मी म्हणालो ना, सुसंगतीच्या दृष्टीनं—”

“विचारलं होतंस? हो की नाही?”

“तू महिनोन्‌महिने येतच नाहीस. कुणाला विचारणार?”

“हो की नाही?”

“असं एका शब्दात—”

“हो की नाही, बाबा?”



“नाही.”

“मूळ प्रत ठेवली का विचार त्यांना,” नाना माझ्या कानात पुटपुटले. पण नानांचं पुटपुटणं म्हणजे दोन घरं पलीकडे जातं. सगळ्यांनी ऐकलं.

“हे कोण?” कोतवालानं विचारलं.

“माझे सासरे,” मी म्हटलं. “पण प्रश्न बरोबर आहे. ठेवलीस?”

ठेवली नव्हती. जुन्यावरच नवं लिहिलं होतं. वल्हव हतबल होऊन हसला. मला हसू आलं नाही.

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, “होड्या मी घुसवल्या. चुकलं. बखरीतून काढा. आजीनं कुणाला काही सांगितलं नाही, एवढंच खरं लिहा. पण माझी बाई होड्या होत्या असं मानते, आणि ते तिच्या तोंडून कुणी काढायचं नाही. तुझ्या शिपायाला ती फितूर वाटते तर वाटू दे. त्याच्या तोंडून म्हणव. माझ्या बाईच्या तोंडून नाही.”

“मग खरं काय समजायचं?” एका नव्या पोरीनं विचारलं. आवाज कोवळा होता, आणि ती खरोखर गोंधळली होती.

“ते तुझं माणूस ठरवेल,” गोगलगाय म्हणाली.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. दुसऱ्याच्या पोस्टला कुणी हात लावायचा नाही, किल्ली कुणाकडेही असो. आणि बखरीत ज्या गोष्टीवर वाद आहे, तिथे कोण काय म्हणतं ते त्याच्या नावानिशी लिहायचं. दिवेबंदरची माणसं असं सांगतात, आरमारातले शिपाई तसं सांगतात. किल्ली तिघांकडे गेली. कोतवालानं मुकाट्यानं दिली. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द मात्र त्याच्या तोंडून आले नाहीत. तो गेलाही नाही. अजून येतो, लिहितो, आणि चांगलं लिहितो, हेच जास्त झोंबतं.

बदललेल्या पोस्ट एकूण साठाच्या वर निघाल्या. ज्यांच्या नकला कुणा ना कुणाच्या मेलमध्ये सापडल्या, त्या आम्ही परत लावल्या. वीसेक सापडल्याच नाहीत. त्यांच्या खाली आता लिहिलेलं आहे, ‘हा मजकूर मूळ लेखकाचा नाही.’ गोगलगायीची खलाशाची पोस्ट त्यांतलीच. मी तिला म्हटलं, पुन्हा लिही ना, आठवत असेल. ती म्हणाली, “ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी वॉर्डात एक आजोबा गेले होते. आता कुठून आणू ते?” माझ्याकडे नुसता संताप होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती.

पागोळीलाही मी लिहिलं, जुन्या पत्त्यावर. आठवड्यानं दोन ओळी आल्या. ‘होड्या छान आहेत. मला सुचल्या असत्या तर मी घातल्या असत्या. पण विचारलं असतंस तर आवडलं असतं.’ तो मेल मी नानांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “सभ्य बाई आहे.” आणि मी मान खाली घातली.

दोन महिने गेले. मग गेल्या बुधवारी कोतवालानं फोरमवर काही न बोलता एक फाइल टाकली. वल्हवकडून कळलं की त्याचा जुना, बंद पडलेला कॉम्प्युटर त्यानं तीन दुकानं फिरून कुणाकडून तरी उघडवून घेतला होता. आत चार वर्षांपूर्वीची फोरमची एक नक्कल होती. नऊ पोस्ट मिळाल्या. त्यात खलाशाची. खाली त्यानं एवढंच लिहिलं होतं, ‘या सापडल्या.’ माफी नाही, चूक नाही, काही नाही. जणू रस्त्यात सापडल्या.

आणि गोगलगायीनं त्याखाली लिहिलं, ‘मनापासून आभार.’

मी लॅबच्या मागच्या दारात जाऊन तिला फोन लावला. आता आमच्याकडे एकमेकींचे नंबर आहेत.

“आभार?” मी म्हटलं. “अगं, आभार कसले मानतेस त्याचे? त्यानंच घालवलं होतं ना? चोरानं चोरलेलं परत आणून दिलं तर त्याला हार घालायचा का? साधं चुकलं म्हणत नाही तो माणूस! तीन दुकानं हिंडला, पण तेवढे दोन शब्द नाही निघाले!”

पलीकडे ट्रॉलीचा खडखडाट ऐकू येत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

“हे बघ,” ती म्हणाली, “मला माझा म्हातारा परत मिळाला. मी तो आत्ता दोनदा वाचला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मला रागवायला वेळ नाहीये गं, सहा नंबरचं सलाइन संपतंय. तू रागव. माझ्या वाट्याचंही तूच रागव.”

तिनं फोन ठेवला. मी तिथेच दारात उभी राहिले, आणि तिच्या वाट्याचंही रागावले.